कंपनीचा खरा रंग

आमचे हे रंगाच्या दुकानात रंग कालवतात. एकतीस वर्षं झाली. गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा आणो की फुटकी फरशी, हे डोळे बारीक करून बघतात आणि हुबेहूब तोच रंग डब्यात उतरवतात. बाहेर सगळे त्यांना शेडमास्तर म्हणतात. घरी मात्र त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला, ती कॉम्प्युटरची कंपनी. तिचं नाव मी घेत नाही. सवतीचं नाव कशाला घ्यायचं?

तरुणपणी दुकानाच्या वरच्या मजल्यावर, एका वकिलाच्या खिडकीपाशी, त्यांनी तिचा कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला आणि वेडच लागलं. कोणतं मॉडेल कोणत्या साली आलं, कोपरे गोल का केले, मागे उचलायला खाच का ठेवली, सगळं तोंडपाठ. माझा वाढदिवस तेवढा लक्षात राहत नाही. जुन्या बाजारातून आणलेले तिच्या कॉम्प्युटरचे तीन डबे बैठकीच्या खोलीत ठाण मांडून बसलेत. एकही चालू होत नाही.

"चालायला कशाला हवा? क्रीम रंग बघ ना काय आहे! लोण्यासारखा!" असं म्हणून त्यांनी घराच्या भिंतींनाही तोच क्रीम फासला.

गेल्या महिन्यात वाचनालयात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन ठरलं. ग्रंथपाल बाईंनी कंपनीचा कोपरा ह्यांच्याकडे सोपवला. स्वारी हवेत तरंगायला लागली. आमचा एक डबा तिथे गेला, आणि वर ह्यांच्या अक्षरात, ह्यांच्या नावानिशी पाटी लागली: 'हा लोण्यासारखा रंग म्हणजे कंपनीची सर्वांत मोठी कल्पना.'

उद्घाटनाच्या सकाळी कोणीतरी त्याच मॉडेलचा दुसरा कॉम्प्युटर बंद खोक्यात आणून दिला, कधीच न उघडलेला. ह्यांनी हौसेनं खोकं फोडलं. आतून राखेसारखा करडा डबा निघाला.

"चुकीचा माल आहे," हे म्हणाले. मग आमचा डबा पालथा घालून त्यांनी बुडाचं लेबल नखानं सोललं. खाली तोच करडा.

"उन्हानं पिवळं पडतं हो प्लास्टिक," बाई हळूच म्हणाल्या.

जसं काही ह्यांना ठाऊकच नव्हतं! खिडकीजवळची भिंत पिवळी पडेल, असं गिऱ्हाइकांना रोज बजावणारा माणूस हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला हसू फुटत होतं आणि आत तुटतही होतं.

हे स्टुलावर बसले. "अगं, मग मी इतकी वर्षं जीव लावला तो कशाला? कंपनीला की उन्हाला?"

तासाभरात लोक येणार होते. पाटी काढली तर कोपरा मुका, ठेवली तर चारचौघांत फजिती. ह्यांनी पाटी उतरवली, पेनचं टोपण काढलं, परत लावलं. बाईंनी दोन्ही डबे शेजारी शेजारी मांडले.

"मास्तर, पुढे कोणता ठेवू?"

ह्यांनी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मग माझ्याकडे वळले. "तू सांग. तुला कोणता बरा वाटतो?"

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. रंगातलं मला त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं, उशीच्या अभ्र्याचंसुद्धा नाही. उत्तर माझ्या जिभेवर तयार असायला हवं होतं. मी त्या दोन डब्यांकडे बघत राहिले, आणि मला क्रीम आवडतो की त्याची नुसती सवय झालीय, हेच मला कळेना.