भाविकाच्या नावानं

भिवंडीजवळच्या कशेळीत खाडीकडून गोदामांच्या गल्लीत शिरलं की डाव्या अंगाला कमळाबाईची खानावळ लागते. पाटी नाही, दरपत्रक नाही. जे शिजलंय ते खायचं आणि पानात टाकायचं नाही, एवढाच तिथला कायदा. वरण पातळ झालंय म्हणणाऱ्या एका ड्रायव्हरला तिने ताटासकट उठवलं आणि समोरच्या वडापावच्या गाडीवर नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने परत आला. बाई तोंडाने फटकळ आहे हे सगळं गाव मान्य करतं, आणि हाताला चव आहे हेही.

या खानावळीची खरी गंमत मात्र वेगळीच. बाकी भिवंडी जेवताना क्रिकेट बघते, इथे फुटबॉल चालतं. ट्रकवाले, हमाल, गोदामात बारकोड मारणारी पोरं, सगळ्यांना तिने हळूहळू त्या नादाला लावलेलं. मार्च उजाडला, लीग संपत आल्या आणि होळी तोंडावर आली, की जेवणापेक्षा बोलणंच जास्त. कोण वर टिकणार, कोण खालच्या लीगमध्ये ढकललं जाणार, याचा हिशेब भाकरी मोडता मोडता व्हायचा. सणाला गोरखपूरला निघालेल्या ड्रायव्हरला बाकीचे विचारायचे, इतक्या महिन्यांनी जातोयस, घरचे ओळखतील ना, की आधारकार्ड दाखवावं लागेल? तोही कमी नव्हता. तुमच्या टीमच्या फॉरवर्डला समोरचा गोलपोस्ट ओळखता येत नाही, आधी त्याला आधारकार्ड द्या, म्हणायचा. कमळाबाई तव्याजवळून हसायची आणि मधूनच एखाद्याचं मत खोडून काढायची. ऑफसाइड म्हणजे काय हे केरळच्या एका कंटेनरवाल्याने तिला टेबलावर वाट्या मांडून शिकवलं होतं, आणि आता ती तेच इतरांना वाट्या मांडूनच शिकवत होती.

हे सगळं भाविकामुळे. भाविका तिची एकुलती एक मुलगी, आणि कोल्हापूरच्या एका क्लबात मुलींच्या लीगमधली राखीव गोलकीपर. मुख्य गोलकीपरला काही झालं तरच हिने उतरायचं. आणि अख्ख्या हंगामात त्या मुख्य गोलकीपरला काहीही झालं नव्हतं. बाई कशी ठणठणीत राहिली, साधी सर्दीसुद्धा नाही. कमळाने तिचं वाईट कधी चिंतलं नाही. पण अगदी खरं सांगायचं तर चांगलंही चिंतलं नाही.

भाविका गोलकीपर झाली ती गोदामाच्या शटरमुळे. बापाने भाड्याने दिलेल्या शेतावर गोदाम उभं राहिलं, तेव्हा ही चौथी-पाचवीत. सुट्टीच्या दिवशी शटर बंद असायचं, तोच तिचा गोल. पोरं चेंडू मारायची आणि ही अडवायची. हुकला की शटरचा असा आवाज व्हायचा की वॉचमन शिव्या देत धावायचा. एकदा तो थेट घरी तक्रार घेऊन आला. कमळाने त्याला चहा दिला, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, जागा आमची, शटर आमच्या जागेवर, आणि पोरगी तर आमचीच. तुझं नक्की काय हाय यात? त्यानंतर संध्याकाळी पोरं आली नाहीत तर स्वतः कमळा, अंगावर मॅक्सी आणि वर ओढणी अशी, शटरसमोर उभी राहून चेंडू मारायची. पहिल्या दिवशी तिची चप्पलच शटरवर जाऊन आदळली. येणारे-जाणारे थांबून बघायचे, बायका तोंडाला पदर लावायच्या. पोरीच्या जातीला हे शोभतं का, असं एकीने विचारलं, तर कमळा म्हणाली की आमच्यात ज्याला जे जमतं तेच त्याला शोभतं.

घोळ केला तो धनेशने. धनेश म्हणजे तिचा धाकटा दीर. कमळा लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता, आणि दहावीपर्यंत तिच्याच हातचा डबा त्याने खाल्लेला. भाविकाची क्लबात निवड झाल्याचं कळलं आणि या गड्याने कुणाला न विचारता नाक्यावर बॅनर लावला. ‘कशेळीची वाघीण’. वर भाविका, खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेला धनेश, आणि धनेशचा फोटो भाविकाच्या फोटोपेक्षा मोठा. भिवंडीत बारशाला बॅनर लागतो, दहावी पास झालं तरी लागतो, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. फक्त बारशाचं बाळ जन्माला तरी आलेलं असतं. ही वाघीण अजून मैदानात उतरायची होती. गणपती गेले, दिवाळी गेली, लीग सुरू झाली, आणि प्रत्येक सामन्यात भाविका बाकावर. कॅमेरा कधी तिकडे वळलाच तर पाण्याच्या बाटल्यांमागे तिचं अर्धं तोंड दिसायचं. लोक विचारायला लागले, वाघीण बसलीय अजून, की उठली?

आता या गावात होळीची एक रीत आहे. होळी पेटली, फेऱ्या झाल्या, नारळ पडले, की वर्षभरात ज्याने काही उपद्व्याप केला असेल त्याच्या नावाने सगळं गाव बोंब मारतं. ज्याचं नाव निघेल त्याने हसत पुढे यायचं आणि आगीत आणखी एक नारळ सोडायचा. बोंबेचा पुढारी वर्षानुवर्षं धनेशच. यंदा पहिलं नाव बाकावरच्या वाघिणीचं, हे त्याने आठवडाभर आधीच पसरवून ठेवलं होतं. खानावळीत येऊन त्याने वहिनीला विचारलंही, पोरीच्या वाटचा नारळ आणून ठेवलाय ना? ड्रायव्हर मंडळी हसली. कमळाही हसली आणि म्हणाली की आणलाय, चांगला पाणीदार आणलाय.

तिचं हसणं वरवरचं होतं. दोन दिवसांपूर्वी भाविकाचा फोन आला होता. शेवटचा सामना होळीच्या दिवशी दुपारी. बरोबरी झाली तरी क्लब वर राहतो, हरला तर खालच्या लीगमध्ये जातो. ते सगळं सांगून झाल्यावर पोरगी म्हणाली की आता माझ्याने बाकावर बसवत नाही. ह्या सामन्यातही नाही उतरले, तर खोली रिकामी करून सगळं सामान घेऊन येते. कुठल्या तरी गोदामात ऑफिसची नोकरी बघू. रडत नव्हती, आणि कमळाला तेच जास्त लागलं. चेंडू नाकावर बसून रक्त आलं तरी हसणारी पोरगी इतक्या कोरड्या आवाजात बोलत होती, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल.

कमळाने हे फक्त नवऱ्याला सांगितलं. हिरामण अबोल माणूस. त्याने थोडा वेळ तंबाखू मळली आणि येऊ दे म्हणाला. गणेशपुरीकडच्या एका घरातून भाविकासाठी विचारणा आली होती, माणसं चांगली होती, भातशेती, दुकान. बाकावर बसण्यापेक्षा ते काय वाईट? कमळाचा संताप झाला. वाईट काहीच नव्हतं, म्हणून तर संताप झाला. स्वतःच्या मर्जीने खेळ सोडला असता तर तिने बँडबाजा लावून लग्न करून दिलं असतं. पण हरून, तोंड लपवून, सामान डोक्यावर घेऊन आलेली पोरगी बोहल्यावर उभी करायची नाही, असं तिने त्याला स्पष्ट सुनावलं.

होळीच्या दुपारी खानावळीत पुरणाचा घाट होता. कमळाने फोन गुळाच्या डब्याला टेकवून उभा केला. सुट्टीला न गेलेले ड्रायव्हर, हमाल आणि धनेशचं टोळकं असे सगळे दाटीवाटीने बसले. आधी सगळा थट्टेचाच बाजार. कुणी म्हणे, पोळी फुगली तर आपली टीम वाचली. एक पोळी नेमकी फुटली, तेव्हा कमळाने ती त्याच्याच पानात वाढली. चाळीस-पन्नास मिनिटं दोन्हीकडे गोल नाही. बरोबरी चालणार होती, म्हणून सगळे नखं खात बसले.

आणि मग मुख्य गोलकीपर उडी मारून पडली, ती खांदा धरून पडूनच राहिली. स्ट्रेचर आलं. कमळाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. कॅमेरा बाकाकडे वळला, आणि पाण्याच्या बाटल्यांमागून भाविका उठली. हातमोजे ओढून तिने दोन्ही खांबांना हात लावला, अगदी शटरच्या कडांना लावायची तसा. पुरण खाली लागल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही.

पोरगी चांगली खेळली. एक चेंडू तिने कोपऱ्यातून असा काढला की केरळवाला बाकड्यावर उभा राहिला. धनेशने दोन्ही हातांनी डोकं धरलं. सामना संपत आला. मग उजवीकडून एक उंच चेंडू आला. भाविका पुढे धावली, चेंडूच्या खालून गेली, आणि मागे रिकाम्या गोलमध्ये कुणीतरी तो डोक्याने ढकलला. तेवढंच. शिट्टी वाजली. क्लब खालच्या लीगमध्ये गेला.

माणसं उठली ती हळूहळू, ताटं स्वतः विसळून ठेवत. एरवी कुणी ठेवत नसे. धनेशनेसुद्धा आपलं ताट विसळलं. थोड्या वेळाने भाविकाचा फोन आला. माझ्यामुळं गेलं सगळं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि आता रडत होती. उद्या सगळं घेऊन येते म्हणाली. कमळाने तिला रडू दिलं. मग विचारलं, पुढे धावलीस ती कुणी सांगितलं म्हणून, की तुला वाटलं म्हणून? भाविका म्हणाली, मला वाटलं म्हणून. बरं, कमळा म्हणाली, तासाभराने व्हिडिओ कॉल करते, तेवढा उचल.

संध्याकाळी होळी पेटली. फेऱ्या झाल्या, नैवेद्य झाला. बोंबेची वेळ आली तेव्हा धनेशने पहिलं नाव घेतलं ते कुणा नवशाचं, ज्याची नवी स्कूटर खाडीत गेली होती. मग दुसरं, मग तिसरं. भाविकाचं नाव त्याने काढलंच नाही. बायका कमळाकडे बघून बाजूला बघत होत्या. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. दुखवट्याला फिरवतात तसा. बस, कमळाचं डोकं फिरलं. एका हातात नारळ आणि दुसऱ्यात चालू फोन घेऊन ती गर्दी बाजूला सारत धनेशपुढे जाऊन उभी राहिली.

"धनेश, माझ्या पोरीचं नाव खाल्लंस काय?"

धनेश चपापला. हळूच म्हणाला, "वयनी, आजच्या दिवशी नको. पोरीला वाईट वाटंल."

"बाकावर बसली होती तवा तिच्या नावानं बोंब मारायला निघालेलास, तवा न्हाय वाटलं वाईट?" कमळाचा आवाज आगीच्या पलीकडे गेला. "आज ती उतरली. गोल खाल्ला. सगळ्या देशानं बघितलं. गोल खायाला मैदानात उभं रायला लागतं, धनेश. घरात बसलेल्याला कोन गोल मारत न्हाय. मार बोंब. लाज वाटंल अशी न्हाय, कोल्हापूरपर्यंत जाईल अशी मार."

धनेशने पालथा हात तोंडावर घेतला आणि भाविकाच्या नावाने अशी बोंब ठोकली की त्याचाच घसा बसला. पाठोपाठ अख्खं गाव. पोरं, बायका, सणाला घरी न गेलेले ड्रायव्हर, सगळे. आणि कमळाच्या शेजारी हिरामण, ज्याचा आवाज वरातीतही कुणी ऐकला नव्हता, तो मान मागे टाकून बोंब मारत होता. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. कमळाने त्याच्याकडे बघितलं आणि नारळ आगीत सोडला.

फोनमधली भाविका आधी भांबावली, मग हसायला लागली. नाक लाल, डोळे सुजलेले, तरी हसत होती. तिच्या मागून संघातल्या आणखी पोरी डोकावल्या. त्यांनी काय चाललंय म्हणून विचारलं, आणि मग त्याही तिकडून तोंडावर हात ठेवून ओरडायला लागल्या. ती गंमत बराच वेळ चालली. गलका थोडा कमी झाला तेव्हा भाविकाने फोन तोंडाजवळ आणला आणि आईला काहीतरी सांगितलं. कमळाने दोनदा मान हलवली आणि फोन बंद केला.

"काय बोलली?" हिरामणने विचारलं.

"चार दिवसापुरती येते, बोलली. सामान तिकडंच ठेवते. खालच्या लीगमधी खेळायचं हाय तिला." कमळाने हाताची राख पदराला पुसली. "गणेशपुरीवाल्यांना तुमीच कळवा."