चौदा नंबरचं सील

ओरेस्ट बिलूसला बोलायचा कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्यापायीच पुढचं सगळं झालं, हे आधीच सांगून टाकतो. बाकी माणूस लाखात एक. कॅनडातल्या सास्काटूनमधल्या बत्तीस बिऱ्हाडांच्या आमच्या इमारतीचा तो तेव्हा बावीस वर्षांपासून केअरटेकर होता. बर्फ उपसायचा, बॉयलर राखायचा, कुणाची मोरी तुंबली तर हात घालून मोकळी करायची, आणि वर कुणी आभार मानायला लागलं तर घाईघाईने जिना उतरायचा. पगाराबरोबर त्याला तळघरातल्या दोन खोल्या राहायला होत्या. नोकरी गेली की खोल्याही गेल्या, असा मामला. बायको स्टेला वारून सात वर्षं झालेली. मुलगी पार पश्चिमेला केलोनात, तिथे बर्फ पडला तर लोक फोटो काढतात म्हणे. ती दर रविवारी फोन करून म्हणायची, "बाबा, आता पुरे झालं. इकडे या." हा म्हणायचा, "बघू." संपला फोन.

आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च प्रत्येक गाडीच्या नाकातून वायरचं एक शेपूट लोंबत असतं. संध्याकाळी ते खांबावरच्या सॉकेटमध्ये खुपसायचं, म्हणजे इंजिनाला रात्रभर ऊब मिळते. नाही खुपसलं तर उणे चाळीसला सकाळी चावी फिरवा नाहीतर देवाचा धावा करा, दोन्हीचा उपयोग सारखाच. आणि रीत अशी आहे, की शेजाऱ्याची वायर नुसतीच लोंबताना दिसली तर जाता जाता आपण लावून टाकायची. सांगायचं नाही. त्यानेही विचारायचं नाही. "तुझी गाडी मी लावून दिली हं," असं कुणी दारात येऊन सांगितलं, तर तो उपकार बोलून दाखवतोय असं होतं, आणि मग लोक त्याच्याकडून चिमूटभर मीठसुद्धा घेत नाहीत. मदत मुकाट्याने करायची, मुकाट्याने घ्यायची. ओरेस्ट तर या बाबतीत आम्हा सगळ्यांचा आजोबा.

दुसऱ्या मजल्यावर व्हर्ना आणि गिल्बर्ट सीवाप राहायचे. क्री आदिवासी, उत्तरेच्या तळ्यांकडून एकोणीस वर्षांपूर्वी इथे आलेले. गिल्बर्ट एक नंबरचा गप्पिष्ट. ओरेस्ट फावडं घेऊन दिसला की खिडकी उघडून, घरात थंडी घेऊन, वर बायकोच्या शिव्या खाऊन तो ओरडायचा, "काय रे म्हाताऱ्या, आज किती शब्द खर्च केलेस? तीन? जपून हं, एप्रिलपर्यंत पुरवायचेत." ओरेस्ट मान वर न करता हसायचा. जानेवारीत त्याचा युक्रेनी नाताळ आला की तो मध आणि खसखस घातलेली गव्हाची खीर वाटीभर त्यांच्या दारात ठेवून यायचा, आणि दोन दिवसांनी ती वाटी व्हर्नाच्या हातच्या जाड रोटीसकट त्याच्या दारात परत यायची. एकोणीस वर्षांत त्या वाटीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

त्या हिवाळ्यात गिल्बर्टच्या फुफ्फुसांनी हात टेकले. नवं वर्ष उजाडलं आणि नदीपलीकडच्या इस्पितळात त्याला अशा वॉर्डात हलवलं, जिथून माणूस घरी येत नाही. डॉक्टरांनी व्हर्नाला स्पष्टच सांगितलं, आठवडा, फार तर दोन. गिल्बर्टला औषध नको होतं, पाद्री नको होता. त्याचं मागणं एकच. "तू जवळ रहा. मला एकट्याला जायचं नाही." जन्मभर चारचौघांत बडबडलेला माणूस, त्याला एकटेपणाची धास्ती वाटली तर नवल नाही. व्हर्नाने शब्द दिला. पण तिचे पाय सुजून हे एवढाले व्हायचे, खुर्चीत रात्र काढवत नव्हती, म्हणून नर्सा तिला संध्याकाळी घरी धाडायच्या. काही बदल वाटला तर लगेच फोन करू, म्हणायच्या. ती सकाळी सहाला परत हजर. म्हणजे तिचा तो जुना ट्रक हाकेसरशी सुरू होतो की नाही, यावर त्या म्हाताऱ्याचा शेवट कसा होणार हे अवलंबून होतं.

गाडी लावायच्या तिच्या अकरा नंबरच्या जागेतला सॉकेट थंडीच्या तोंडावरच जळाला होता. वायर जमिनीखालून गेलेली, जमीन दगड झालेली, मे महिन्याआधी कुणी कुदळ लावणार नव्हतं. चौदा नंबरची जागा मात्र रिकामी होती, तिला भाडेकरूच नव्हता. एका संध्याकाळी व्हर्नाने ट्रक तिथे उभा केला आणि ओशाळून वायर न लावताच वर गेली. ओरेस्टने जाता जाता ती लावून टाकली. झाली परवानगी.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घोळ झाला. शेजारच्या इमारतीतल्या कुणा महाभागाने आमच्याकडच्या एका रिकाम्या सॉकेटातून लांब वायर ओढली आणि आपल्या गॅरेजमध्ये भलामोठा हीटर चालवला. अख्ख्या रांगेची वीज गेली. सकाळी अकरा गाड्या गारठून मेल्या, अकरा माणसं कामावर पोचली नाहीत, आणि कंपनीचा मॅनेजर ट्रेंट हाउगन सीलांची पेटी घेऊन दारात उभा राहिला.

सील म्हणजे तळहाताएवढी लाल चिकटपट्टी. सॉकेटचं झाकण लावायचं, वरून पट्टी दाबायची. कुणी ती सोलली तर खाली पांढऱ्या अक्षरांत 'उघडलेले' असं उमटतं, आणि परत कितीही दाबा, ती अक्षरं जात नाहीत. कुलूप चोराला निदान अडवतं तरी. ही पट्टी कुणाला अडवत नाही, फक्त चुगली करते.

टपालाच्या पेट्यांपाशी उभं राहून ट्रेंट म्हणाला, "रिकाम्या जागांचे सगळे सॉकेट आजच्या आज सील करायचे. एकही सोडायचा नाही."

"चौदाला व्हर्ना लावते," ओरेस्ट म्हणाला. "तिचा नवरा..."

"ठाऊक आहे मला. वाईट वाटतं. पण तिला सोडलं तर उद्या आणखी चौघं येतील, आणि परत लाइन गेली की शिव्या मी खायच्या. ओरेस्ट, स्पष्ट बोलतो. चौदाचं सील तुटलेलं दिसलं, तर ते तुमच्या संमतीने तुटलं असं मी धरणार. मग मला दुसरा माणूस बघावा लागेल."

ट्रेंट काही राक्षस नव्हता. अकरा जणांनी त्याला फोनवर सोलून काढलं होतं. ओरेस्ट वळला, तर मागे व्हर्ना. तिची टपालपेटी उघडी, हातात दोन पाकिटं. तिने सगळं ऐकलं होतं. ती पाकिटं पर्समध्ये कोंबून जिन्याकडे गेली.

आता ओरेस्टच्या डोक्यात काय होतं ते ऐका. नोकरी गेली खड्ड्यात, असंच त्याचं म्हणणं होतं. शिवाय ती जाणारही नव्हती. सीलांवर नंबर नव्हते. व्हर्नाने संध्याकाळी चौदाचं सील सोलायचं, गाडी लावायची, सकाळी सहाच्या आत निघून जायचं. ट्रेंट दहाच्या आधी कधी फिरकत नाही. मधल्या वेळात ओरेस्टने नवं सील चिकटवायचं. रोज एक. त्याने मूठभर सीलं कोटाच्या खिशात टाकलीसुद्धा. बेत बिनतोड होता. फक्त तो व्हर्नाला सांगायचा राहिला होता.

दुपारी तो चौदा नंबरवर झाकण दाबत होता, तेव्हा ती गिल्बर्टचे धुतलेले कपडे घेऊन ट्रककडे निघालेली. त्याला वाटलं, हीच वेळ.

"चिकटपट्टीच आहे ही, व्हर्ना," तो म्हणाला.

"दिसतंय."

"नखाने निघते."

"हो."

ओरेस्टने बुटाच्या टोकाने बर्फ उकरला. "थंडी वाढणारे आज."

"उणे बेचाळीस म्हणतोय रेडिओ," असं म्हणून ती गेली.

ओरेस्टच्या हिशेबाने हे भाषण झालं. नखाने निघते, याहून उघड काय सांगायचं असतं माणसाला? तो समाधानाने कामाला लागला. तिला नाहीच समजलं तर संध्याकाळी आपणच लावून देऊ, हेही त्याने मनाशी ठरवलं होतं. पण सहाच्या सुमाराला कंपनीच्या गावाबाहेरच्या दुसऱ्या इमारतीतून फोन आला. तिथला बॉयलर बंद पडला होता, आणि तिथे सगळी म्हातारी माणसं. तो हत्यारं घेऊन तसाच पळाला, तो सकाळी साडेआठलाच परतला.

गाडीतून उतरल्या उतरल्या सवयीने त्याने रांगेवर नजर टाकली. चौदाचं सील शाबूत होतं. बावीस वर्षांची सवय अशी वाईट, की आधी त्याला बरं वाटलं. मग दिसलं की अकरा नंबरवर, जळक्या सॉकेटसमोर, व्हर्नाचा ट्रक उभा आहे, काचेवर बोटभर हिव साचलंय आणि वायर नीट गुंडाळून आरशाला अडकवलीय. तो चौदापाशी जाऊन वाकला. सीलाच्या एका कोपऱ्यावर पांढरं अक्षर अर्धवट उमटलेलं होतं. कुणीतरी नख घातलं होतं आणि परत दाबून टाकलं होतं.

इस्पितळातून फोन आला होता पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. व्हर्ना धावत खाली आली. ट्रक एकदा कण्हला आणि बसला. तिने ओरेस्टचं दार वाजवलं, ते कुलूपबंद. टॅक्सीवाले म्हणाले, दोन तास लागतील. शेवटी तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला तिने उठवलं. ती बिचारी नाइटगाउनवरच कोट चढवून निघाली, तरी व्हर्ना वॉर्डात पोचेपर्यंत सहा वाजले. गिल्बर्ट पावणेसहाला गेला होता. नर्सने हात धरला होता त्याचा. त्याने दोनदा विचारलं म्हणे, "व्हर्ना आली का?" नर्सने सांगितलं, "निघालीय, वाटेत आहे."

चार दिवसांनी त्याला उत्तरेला त्याच्या गावी नेलं. पुढे शववाहिका, मागे ओरेस्टच्या ट्रकात ओरेस्ट आणि व्हर्ना. सहा तास जायला, सहा तास यायला. येताना, दोन्ही बाजूला नुसती झाडं आणि बर्फ असताना, व्हर्ना समोर बघत बोलायला लागली.

"मी गेले होते त्या दिवशी संध्याकाळी. वायर हातात होती. नखही घातलं."

ओरेस्टने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"मग म्हटलं, हा माणूस मार्चमध्ये अडुसष्टचा होईल. बायको नाही. भर हिवाळ्यात खोल्या गेल्या तर कुठे जाईल? गिल्बर्टने मला फाडून खाल्लं असतं. तो म्हणायचा, या इमारतीत आपल्याला कुणी न विचारता काही दिलं असेल तर ते त्या मुक्या म्हाताऱ्यानेच. मला वाटलं, एक रात्र निघेल. दुसऱ्या दिवशी सॉकेटचं काहीतरी बघणार होते मी."

पुढे शववाहिका नव्हती आता. रस्ता सरळ होता. ओरेस्टच्या कोटाच्या खिशात ती मूठभर सीलं तशीच होती, कुशीत टोचत होती. काढून दाखवायचा अवकाश होता. सांगायचं होतं एवढंच, की बाई, तू तोडावंस म्हणूनच मी सांगत होतो, सकाळी मी दुसरं लावणार होतो, नोकरीला काही धोका नव्हता. दोन वाक्यांचं काम. जी त्या दुपारी बोलायला हवी होती तीच दोन वाक्यं. पण आज ती बोलली, तर गिल्बर्ट एकटा गेला तो फुकटच गेला, असं तिला कळणार.

"बरं केलं ना रे मी?" व्हर्नाने विचारलं. तिने आता मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "नोकरी राहिली ना तुझी?"

"राहिली," ओरेस्ट म्हणाला. "बरं केलंस."

तिने डोळे मिटले आणि सीटला डोकं टेकलं. त्यानंतर शहर येईपर्यंत ती शांत झोपली, चार दिवसांत पहिल्यांदा. ओरेस्ट रडत गाडी चालवत होता, आणि तिला जाग येऊ नये म्हणून नाकसुद्धा ओढत नव्हता.

वसंतात मुलीचा फोन आला, खोली रंगवून ठेवलीय म्हणून. तो म्हणाला, जमणार नाही. पुढच्या वर्षीही तेच. गुडघे गेले, पाठ गेली, फावडं उचललं की तोंडाने आवाज निघायचा, पण हा पठ्ठ्या सकाळी सहाला बर्फ उपसायला हजर. लोक म्हणायचे, म्हातारा हावरट आहे, मरेपर्यंत नोकरी सोडायचा नाही. ट्रेंटनेच दोनदा आडून सुचवलं, की आता विश्रांती घ्या. हा ढिम्म. व्हर्ना रोज सकाळी खिडकीशी चहा घेऊन उभी असायची. तो खाली दिसला की हात हलवायची. त्याला तिथे बघून तिला बरं वाटायचं, ते तिच्या तोंडावर दिसायचं. असे सहा हिवाळे गेले.

सातव्या वर्षी सप्टेंबरात तिची भाची येऊन तिला उत्तरेला घेऊन गेली. ओरेस्टने तिचं सामान उतरवून दिलं, दोर बांधून दिले. निघताना ती म्हणाली, "जपून रे. नोकरी सांभाळ." तो म्हणाला, "हो." गाडी वळून दिसेनाशी झाली तसा तो तळघरात गेला, किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडवला, आणि ट्रेंटच्या ऑफिसात जाऊन टेबलावर ठेवला.

ट्रेंट चक्रावला. "आज अचानक? काय झालं ओरेस्ट, कुणी काही बोललं का?"

"नाही," ओरेस्ट म्हणाला. "मीच बोललो नाही."