टिकली लावलेलं चित्र

लग्नानंतर पहिल्यांदा म्युझियम पाहिलं तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि अत्यंत हुशार होते. निदान माझी तशी समजूत होती. नवऱ्याने कौतुकाने मुंबईचं ते घुमटाचं म्युझियम दाखवायला नेलं, तर मी पेपर लवकर सोडवून बाहेर पडणाऱ्या पोरीसारखी भराभर पुढे. एक कपाट झालं, दुसरं झालं, चला. नवरा अजून खालीच जुनी नाणी बघत होता आणि मी वरचा मजला उरकून त्याच्या पाठीशी हजर. "संपलं की!" मधेच दगडी देवांचं दालन लागलं, तिथे बाईसाहेबांनी चपला काढल्या. देवापुढे चपला घालून कसं उभं राहायचं? पण देव इतके, की कोणत्या देवापुढे काढल्या तेच विसरले. शेवटी रखवालदाराने त्या दोन बोटांत धरून आणून दिल्या. घरी येऊन शेजारणींना मात्र मी सांगितलं, "बघितलं सगळं. विशेष काही नाही."

ती पोरगी आज भेटली तर मी तिला टपली मारीन. पण ती निदान वीस वर्षांची तरी होती. दोन वर्षांपूर्वीची मी, चांगली अडुसष्टची, तिला कसली सूट द्यायची?

तोवर आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझी विहीण, मुंबईच्या गॅलऱ्यांमधल्या जुन्या खेळाडू झालो होतो. माझी विहीण सिंधी. उल्हासनगरला कॅम्प पाचात त्यांचं जीन्सचं दुकान आहे आणि तीसेक वर्षं गल्ल्यावर तीच बसायची. आमच्या मुलांनी आपलं आपण जमवलं तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला तयार नव्हतो. लग्नात तिने माझ्या साडीचा पदर दोन बोटांनी चोळून पाहिला होता, हे मी वर्षभर मनात धरून होते. पुढे कळलं, ती सगळ्यांचेच कपडे चोळून बघते. मग जमलं.

मी राहते बदलापूरला, मांजर्लीत. महिन्यातून एकदा सकाळची गर्दी ओसरली की मी लोकलने निघते, वाटेत ती चढते, आणि आम्ही मुंबईत काळ्या घोड्याला, गॅलऱ्यांच्या भागात जातो. हे वेड कसं लागलं ते खरं सांगते. एकदा उन्हातान्हात पाय दुखायला लागले म्हणून एका गॅलरीत शिरलो. आत गारवा, बसायला बाक, बाथरूम स्वच्छ, आणि कोणी "काय हवं?" विचारायला येत नाही. "विहीणबाई, ये तो अपने दुकान से अच्छा है," ती म्हणाली. बसल्या बसल्या समोरची चित्रं बघितली. दुसऱ्यांदा गेलो ते चित्रांसाठीच.

आमचा एक खेळ होता. प्रत्येक दालनात दोघींनी एकेक चित्र निवडायचं, फुकट मिळालं तर घरी कुठलं न्यायचं? तिची निवड नेहमी मोठ्या चित्राची. "हॉल में लगा तो दिखना चाहिए ना!" मी एवढंसं काहीतरी निवडायचे, आणि त्यावर ती म्हणायची, "ये तो कॅलेंडर के पीछे छुप जाएगा."

तर त्या वर्षी थंडीत माझ्या नातीने एक कार्ड आणून दिलं. तिच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचं मुंबईत प्रदर्शन होतं, आयुष्यातलं पहिलं. बाई अंबरनाथच्या, चाळिशीतल्या, अंगाने काटकुळ्या. शाळा सांभाळून रात्री स्वयंपाकघरात चित्रं काढायच्या म्हणे. "आजी, तुम्ही जाताच ना तिकडे? मग टीचरच्या एक्झिबिशनला जाच," नात म्हणाली. आम्हाला तरी कुठे आग्रह लागत होता?

बाईंच्या प्रदर्शनाचा शेवटून दुसरा दिवस असेल. आधी खालच्या मोठ्या गॅलरीत डोकावलो. तिथे कोणा नामांकित चित्रकाराची चित्रं होती आणि बघते तर बऱ्याच चित्रांशेजारी, भिंतीवरच्या चिठ्ठीजवळ, लाल टिकली. गोल, छोटी, नीट चिकटवलेली.

आता कोणीही शहाण्या माणसाने तिथे विचारलं असतं, की बाबा हे काय आहे? पण अडुसष्टच्या वयात मी गॅलरीत प्रश्न विचारणं कमीपणाचं समजत होते. माझं मीच ताडलं. आपण बायका काय करतो? तोंड धुताना कपाळावरची टिकली काढतो आणि आरशाला लावतो. माझ्या बाथरूमच्या आरशाला कायम पाच-सहा असतात, माझा चेहरा त्यांच्यामधून शोधावा लागतो. म्हणजे येणाऱ्या बायका आवडलेल्या चित्राला टिकली लावून जात असणार. किती गोड पद्धत! आपल्याला इतके दिवस माहीत नव्हती याचं वाईटही वाटलं.

मग आम्ही जिना चढून बाईंच्या हॉलमध्ये गेलो. हॉल लहान, आठवड्यापुरता भाड्याने घेतलेला. आत कोणी नव्हतं, बाई बाहेर व्हरांड्यात फोनवर बोलत होत्या. आणि चित्रं? अगो बाय! उल्हासनगरच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या शेकडो जीन्स, नुसते पाय लोंबताहेत. विहीण तिथेच खिळली. अंबरनाथला आनंदनगरच्या कारखान्यातून पाळी संपवून निघालेल्या बायका, डबे हलवत, हसत. आणि कोपऱ्यात एक मध्यम आकाराचं चित्र, जिन्याचं. आमच्या मांजर्लीचाच जिना. खालच्या तीन पायऱ्या मातकट पाण्यात, आणि वरच्या पायऱ्यांवर अख्खा संसार मांडलेला. गादीची वळकटी, तुळशीची कुंडी, देव्हारा, मिक्सर, आणि त्या सगळ्यात मजेत पत्ते खेळत बसलेली चार माणसं. आमच्याकडे नदी घरात येते तेव्हा अगदी असंच असतं. पहिले तासभर रडारड, आणि मग जिन्यात पिकनिक.

मी मोठ्याने हसले. मग भिंतीकडे पाहिलं. एकाही चित्राला टिकली नाही! इतकी सुंदर चित्रं आणि एका बाईला म्हणून टिकली लावावीशी वाटली नाही? मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, माझी नेहमीची मरून, जरा मोठी, आणि जिन्याच्या चित्राशेजारी दाबून लावली. तर्जनीने दोनदा दाबली, पडायला नको म्हणून.

तेवढ्यात बाई आत आल्या. ओळखपाळख झाली, नातीचं कौतुक झालं. विहिणीने तिच्या पद्धतीने सरळ विचारलं, "धंदा कैसा है, बेटा?"

बाई हसल्या, पण हसू ओठांपर्यंतच राहिलं. "आंटी, अजून एकही नाही गेलं."

"एक भी नहीं? बोहनी भी नहीं?" विहिणीचा हात छातीवर गेला. तिच्या दुकानात सकाळची पहिली विक्री होईपर्यंत ती चहासुद्धा घ्यायची नाही.

"नाही ना. मी ठरवलंय, एक तरी गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा हॉल घेईन. नाही गेलं तर बास. मुलांना रंगवायला शिकवायचं आणि गप्प बसायचं." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की आधीच ठरवून टाकलेलं दिसत होतं.

विहिणीने त्यांना बाकावर बसवून धंद्याच्या चार गोष्टी सांगायला घेतल्या. मी फिरत राहिले. एवढ्यात एक गृहस्थ आले. उंच, पांढऱ्या दाढीचे, खांद्याला शबनम पिशवी. सगळी चित्रं बघत बघत ते जिन्याच्या चित्रापाशी थांबले. थांबले ते थांबलेच. मागे गेले, पुढे आले, चष्मा वर केला, वाकून मिक्सर बघितला. मग त्यांचं लक्ष माझ्या टिकलीकडे गेलं.

"अरेरे," ते हळू आवाजात म्हणाले. "लागली टिकली. उशीर झाला."

मला कळेना, उशीर कसला? पण मी अभिमानाने पुढे झाले. "मीच लावली!"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हात जोडले. "अभिनंदन. फार चांगली नजर आहे तुम्हाला." आणि निघून गेले.

ते गेले आणि मी जमिनीपासून वीतभर वर उचलली गेले. तशीच तरंगत बाकापाशी आले. "बाई, आत्ता एका गृहस्थांनी माझं अभिनंदन केलं! टिकली लावली म्हणून."

"कसली टिकली, आजी?"

मी बोटाने दाखवली. बाई उठल्या, चित्रापाशी गेल्या, आणि दोन्ही हात गालांवर ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला सांगितलं, अगदी मऊ आवाजात, पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं, की चित्राशेजारी लाल टिकली याचा अर्थ ते विकलं गेलं.

"उशीर झाला" म्हणजे काय ते आता कळलं. बाईंचं आलेलं एकुलतं एक गिऱ्हाईक मी, त्यांच्या विद्यार्थिनीच्या आजीने, अभिनंदन स्वीकारून परत पाठवलं होतं.

"जाऊ दे आजी," बाई म्हणाल्या. "घेतलंच असतं असं थोडंच आहे?"

पण विहीण उभी राहिली होती. गुडघे दुखतात म्हणून जिन्यात चारदा थांबणारी बाई, ताडकन. "जाऊ दे? गिऱ्हाईक चल के गया और जाऊ दे? कपडा क्या था उसका?"

"खादीचा सदरा. विटकरी," मी म्हणाले. "दाढी."

"चलो!"

उतरताना मी म्हटलं, "विहीणबाई, एवढ्या मुंबईत कुठे शोधणार?"

"दूर नहीं जाएगा," ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत म्हणाली. "जिसको माल सच में पसंद आता है ना, वो बाजू के दुकान में खडा होके पहलेवाले का ही सोचता है. तीस साल देखा है."

आम्ही खालच्या मोठ्या गॅलरीत पाहिलं. नाही. कोपऱ्यावरच्या छायाचित्रांच्या हॉलमध्ये पाहिलं. भिंतींवर काय होतं देव जाणे, मी फक्त दाढ्या बघत होते. फोटोतल्या एका साधूला विहिणीने लांबून हाक मारायचंच बाकी ठेवलं. तिथून रस्ता ओलांडून तिसऱ्या गॅलरीत. सगळं शांत, पांढऱ्या भिंती, आणि एका भिंतीभर निळं चित्र. नुसतं निळं. त्याच्यासमोर विटकरी सदरा.

"ओ साईं!" विहिणीने कॅम्प पाचातल्या आवाजात हाक मारली.

अख्खी गॅलरी वळली. पहारेकरी बोट ओठांवर ठेवून धावत आला. "हां हां, धीरे बोलती हूँ," ती तेवढ्याच मोठ्याने म्हणाली. "साईं, वो पीस बिका नहीं है. ये हमारी विहीणबाई ने बिंदी लगा दी!"

गृहस्थ गोंधळले. मी पुढे झाले आणि, दुसरं काय करणार, कपाळाला बोट लावून दाखवलं. तीच मरून, तीच जरा मोठी. त्यांनी माझं कपाळ पाहिलं, आठवून पाहिलं, आणि इतके हसले की पहारेकरी आता त्यांच्याकडे वळला.

"मला वाटलं, तुम्ही मोठ्या संग्राहक आहात," ते म्हणाले.

"मी मांजर्लीची आहे. तो जिना आमच्याकडचा."

"खरंच? मग मला एक सांगा. पूर येत असताना माणसं मिक्सर का नेतात वर? मी मघापासून तेच बघत होतो. आता या निळ्यासमोर उभा राहूनही तेच डोक्यात आहे."

"हाताला लागेल ते नेतो हो. मी पहिल्या पुरात दागिन्यांचा डबा खाली ठेवून इस्त्री वर नेली होती. दोन्ही हातांनी, छातीशी धरून. पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती."

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. विहीण माझ्याकडे बघतच राहिली. "इस्त्री?" तिने विचारलं. आणि मग पहारेकऱ्याने आम्हा तिघांनाही बाहेर काढलं, कारण ती बाकावर बसून हसायला लागली होती.

परत येईपर्यंत बाई त्या चित्राखाली खुर्ची घेऊन बसल्या होत्या. आम्हा दोघींच्या मधे ते गृहस्थ दिसले तशा उठल्या आणि म्हणाल्या, "चहा घेणार?"

"आधी चित्र घेतो," ते म्हणाले. किमतीत एका रुपयाची घासाघीस त्यांनी केली नाही. विहिणीला ते जरा खटकलंच. "बोहनी का गिऱ्हाईक है, थोडा तो बोलना चाहिए था," ती माझ्या कानात म्हणाली.

बाईंनी पिशवीतून लाल टिकल्यांचा कोरा कागद काढला. अख्खा कागद तसाच, एकही निघालेली नाही. त्यांनी माझी टिकली नखाने सोडवायला घेतली, पण मी तर्जनीने दोनदा दाबलेली, ती कसली सुटते? "राहू दे तीच," गृहस्थ म्हणाले, "लागायची ती योग्य जागीच लागली आहे." बाईंनी कागदाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि "एक मिनिट हं," म्हणून फोन घेऊन बाहेर गेल्या. दार उघडंच होतं. पुढच्या वर्षी याच आठवड्यात हॉल रिकामा आहे का, असं त्या कोणाला तरी विचारत होत्या, आणि आवाज उगीचच चढलेला होता.

त्या परत आल्या तेव्हा विहिणीने त्यांना थेट बाहेरच्या जिन्याकडे वळवलं. "इनको ले जा, बेटा, चाय पिला के ला. तू भी पी. बोहनी हो गई. तब तक गल्ले पे मैं बैठती हूँ."

ती खरोखरच दाराजवळच्या टेबलाशी जाऊन बसली, पदर सारखा केला, आणि जिना चढून वर येणाऱ्या दोन कॉलेजच्या पोरींना पाहून हात हलवून म्हणाली, "आओ, आओ! अंदर जीन्स भी है!"