आसवोरचा बांधलेला हात

दलदल मागे पडून दगडी वाट लागली, तेव्हा आसवोरनं मला विचारलं, "तिदा, वास येतोय का गं?"

"येतोय," मी म्हटलं. "थोडा."

तिच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं आणि गाठीवर पाद्रीबाबांनी मेणाचा शिक्का मारलेला होता. तीन दिवसांपूर्वी तिनं त्या हातात लालभडक लोखंड धरून नऊ पावलं टाकली होती. आज दुपारी मठातल्या चर्चमध्ये मेण फोडून हात बघायचा. जखम स्वच्छ असली, तर देवानं तिला निर्दोष ठरवलं. चिघळलेली असली, तर मठामागच्या नदीत बुडवायचं.

मागून ओस्वी भाला टेकत येत होता. राजाच्या अंमलदारानं त्याला पहाऱ्याला दिलं होतं.

"बायांनो, पाय उचला," तो म्हणाला. "माझे गुडघे तुमच्या गप्पा संपायची वाट बघणार नाहीत."

"ओस्वीकाका, बुडायचंय मला. घाई तुम्हाला कसली?"

"हिचं तोंड बघा," ओस्वी पुटपुटला, आणि दहा पावलं मागे राहिला. नंतर तो पुढे आलाच नाही.

आसवोर आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी आली ती समुद्रापलीकडच्या डेन लोकांच्या जहाजातून, लुटायला. आमच्या धन्यानं, एडनोथनं, तिला नदीकाठी पकडली, तेव्हा तिनं वल्हं मारून त्याचे पुढचे दोन दात पाडले. त्यानं तिला जात्याला जुंपली. ती त्याच्या वाडग्यात त्याच्यादेखत थुंकायची आणि तो तिच्यादेखत ते खायचा. मी तेव्हाही त्याच घरात दूध काढत होते, लोणी घुसळत होते. दोघांचं भांडण ऐकून गाई पान्हा चोरायच्या.

"तुम्हा सॅक्सन लोकांच्या अंगाला बैलाचा वास येतो," ती म्हणायची. तिच्या लोकांत दर शनिवारी अंघोळ आणि केस विंचरायची रीत. चौथ्या हिवाळ्यात एका शनिवारी धनी ओढ्याचा बर्फ फोडून अंघोळ करून आला. ओठ निळे, केस विंचरलेले. सगळी माणसं माना खाली घालून हसली. आसवोर हसली नाही. पुढच्या शनिवारी तिनं त्याच्यासाठी पाणी तापवलं.

या सुगीनंतर चर्चच्या दारात त्यांचं लग्न लागलं. आमच्यात लग्नाच्या दुसऱ्या सकाळी नवरा बायकोला भेट देतो, चारचौघांसमोर सांगून. शेत, गाय, निदान एखादी मेंढी. धन्यानं काहीच सांगितलं नाही. विहिरीवर बायका म्हणाल्या, "डेनच्या पोरीला कोंबडीसुद्धा मिळाली नाही." तिनं ऐकून घेतलं.

त्याच सकाळी, सुगीआधी लुटायला येऊन पकडला गेलेला आणि आमच्या कोठारात डांबलेला तिचा भाऊ टोकी नाहीसा झाला होता. धनी दोन दिवसांनी राजाच्या फौजेत गेला. आठवड्यानं टोकी जहाजं घेऊन, पळाला त्याच दलदलीच्या वाटेनं परत आला आणि त्यानं शेजारचं गाव जाळलं. एकवीस माणसं मेली. भावाला बहिणीनंच सोडलं, हे सांगायला कोणाची गरज नव्हती.

बारा जणांनी संतांच्या पवित्र अस्थींवर हात ठेवून ती निर्दोष असल्याची शपथ घेतली असती, तर लोखंड धरावं लागलं नसतं. ती सहा वर्षांत लोकांच्या आजारपणाला धावली होती, म्हणून अकरा जण उभे राहिले. बारावी मी होते. मी उभी राहिले नाही. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी तिचा घागरा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला मी पाहिला होता. खोटी शपथ माझ्यानं होणार नव्हती.

दगडी वाटेवर मी तिला तेच सांगितलं.

"मी त्याला अडवायला गेले होते," ती म्हणाली. "एडनोथला. तीच त्याची लग्नानंतरच्या सकाळची भेट होती, तिदा. माझ्या भावाची सुटका. कोणाला सांगता येईना म्हणून गप्प राहिला. मी दलदलीत त्याच्या पाया पडले. म्हटलं, सोडू नको, मी टोकीला ओळखते, तो परत येईल. तर हा मला म्हणतो, सासुरवाडीच्या माणसाला कोठारात कोण ठेवतं?"

माझे पाय जागच्या जागी थांबले.

"मग तू अंमलदाराला सांगितलं का नाहीस?"

"धन्यानं शत्रूला सोडलं म्हणून? त्याला फासावर चढवतील."

"मी आता जाऊन शपथ घेते. पाद्रीबाबांच्या पाया पडते."

"लोखंड धरून झालंय. आता तुझी शपथ कोण मानणार? आणि घेतलीस, तर मग सोडलं कोणी, हे विचारतीलच." तिनं बांधलेला हात छातीशी धरला. "बोटं कालपासून हलत नाहीत."

मी मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. शब्द पुढे जाईनात. टेकडीवरून मठाचं छप्पर दिसू लागलं होतं आणि खाली नदी.

"ऐक," आसवोर म्हणाली. "एडनोथ मार्टिन संताच्या सणाला, हिवाळ्याच्या तोंडावर, परत येईल. गावाचं तो ऐकणार नाही. पाद्रीबाबांचंही नाही. तुला विचारेल, कारण तू खोटं बोलत नाहीस हे त्याला ठाऊक आहे. मी निर्दोष होते असं त्याला कळलं, तर तो त्याच दिवशी अंमलदारापुढे जाऊन उभा राहील."

"आसवोर, नको."

"त्याला सांग, मी या वाटेवर तुझ्यापाशी कबूल केलं. टोकीला परत यायचा निरोप मीच धाडला. लग्न त्यासाठीच केलं. आणि हसत सांगत होते म्हणावं. त्याला माझा राग येऊ दे. रागावर तो माणूस जगतो, सहा वर्षं पाहिलंय मी." तिनं डाव्या हातानं माझा दंड धरला. "एवढं एक खोटं माझ्यासाठी बोल, तिदा."