अळणी घर आणि तिसऱ्या बाकावरचा फोन

डॉक्टरीणबाईंनी प्रांजलच्या पोटरीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. ओल्या पुळणीवर पाय उमटावा तसा.

"किती दिवस झाले सूज येऊन?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आठ-दहा. सकाळी डोळे सुजायचे, आम्हाला वाटलं रडली असेल. तिची आजी, माझी बायको, जाऊन दोन महिने झाले होते. घरात सगळ्यांचेच डोळे सुजलेले. त्यात पोरीचे कुणी बघितले नाहीत.

लघवी तपासली, रक्त तपासलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नेफ्रोटिक सिंड्रोम आहे." मी म्हटलं, मला कळेल असं सांगा. त्या म्हणाल्या, "आजोबा, मूत्रपिंड म्हणजे जाळं समजा. जाळ्याची आस, म्हणजे भोक, मोठी झाली की मासळी निसटते. हिच्या जाळ्यातून अंगातलं प्रोटीन लघवीवाटे निसटतंय."

हे मला एका झटक्यात कळलं. जन्म जाळी विणण्यात गेला माझा. पण फाटलेलं जाळं मी मांडीवर घेऊन शिवतो. हे कसं शिवायचं?

मी चौथीपर्यंत शिकलो, पुढे होडीवर गेलो. लिहायची सवय नाही. प्रांजलच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, लिहा, दुसऱ्या घरात असं पोर असेल तर त्यांना उपयोग होईल. म्हणून लिहितोय. ऱ्हस्व-दीर्घ प्रांजलने तपासलंय. बाकीच्या चुका माझ्या.

औषध होतं प्रेडनिसोलोन. हे स्टेरॉइड आहे. त्याने तोंड फुगतं आणि भूक भडकते. अंगाची झुंजायची ताकद कमी होते, म्हणून गर्दीत न्यायचं नाही. "तीन महिने शाळा नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साधा खोकला लागला तरी महाग पडेल. आणि मी सांगेपर्यंत जेवण अळणी."

प्रांजल सहावीत. ती रस्ताभर रडली. आजाराला नाही, शाळेला. मला म्हणाली, "माझ्या जागेवर दुसरी बसेल."

मी ते बाईंना जाऊन सांगितलं. मला वाटलं, बाई पुस्तकं देतील आणि मोकळ्या होतील. पण त्या म्हणाल्या, "तिसरा बाक, खिडकीकडची जागा. ती जागा तिचीच. तिथे माझा फोन बसेल."

आणि खरंच बसला. रोज अकराला बाई आपला फोन त्या बाकावर कंपासपेटीला टेकवून ठेवायच्या. शेजारची मैत्रीण तो फळ्याकडे वळवायची. इकडे घरी सुनेचा मोबाइल. सून बाजारात मासळी विकते. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, आज सुरमई हाय का, पापलेट हाय का. ती फोन घरी ठेवून टोपली घेऊन जायला लागली. तिने एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. मुलगा ट्रॉलरवर, आठ-आठ दिवस पाण्यात. म्हणजे घरी मी आणि पोर.

रेंज आमच्याकडे एकाच खिडकीत. तिथे मी खाट ओढली. फोन धरायचं काम माझं. पहिल्याच दिवशी गणित चालू असताना बोका सुपातल्या बांगड्यावर आला. मी ओरडलो, "मेल्या, तुझा मुडदा बशिवला!" तिकडे अख्खा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "आजोबा, म्यूट करा." मला काय ठाऊक म्यूट म्हणजे काय. प्रांजल म्हणाली, "म्हणजे तोंड बंद, आजोबा." पोर दोन आठवड्यांनी हसलं होतं.

रोज सकाळी लघवीत एक पट्टी बुडवायची. पिवळी राहिली तर चांगलं. हिरवी झाली तर रंग बघून वहीत अधिकची चिन्हं काढायची. एक, दोन, तीन. शाळेत अधिक म्हणजे वाढ, चांगली गोष्ट. आमच्या वहीत अधिक म्हणजे वाईट. पहिले दिवस तीन अधिक. मग दोन. तिथेच अडलं. पण सूज उतरली, पायांची हाडं दिसली.

जेवणाचे हाल होते. पोरीला वाईट वाटू नये म्हणून सगळं घर अळणी जेवायचं. मी पण. कालवण खाताना वाटायचं, दुसऱ्याच्या तोंडाने जेवतोय. मोठी माणसं गिळतात. पोरीला औषधाने भूक लागायची आणि ताट बघून रडू यायचं. एके दिवशी वर्ग चालू असताना तिने ताट बाजूला सारलं आणि मला हळूच म्हणाली, "आजोबा, आजीचे सोडे आहेत काय हो?"

सोडे म्हणजे सोललेली कोळंबी उन्हात सुकवलेली. माझ्या बायकोने, हिने, जाण्याच्या दोन महिने आधी सुकवले होते. फडताळात एक बरणी. तिला मी हात लावला नव्हता. झाकण उघडलं की हिचा वास यायचा, म्हणून उघडतच नव्हतो.

मी उघडली. निखाऱ्यावर मूठभर भाजून दिले. वर मीठ टाकलं नाही. पोर आवाज करून खात होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, हीच भरवतेय. चार दिवस दिले. सुनेला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, माझ्यासाठी पण ठेवा.

पाचव्या दिवशी प्रांजलचं डोकं दुखायला लागलं. उलटी झाली. पाय पुन्हा फुगले. रिक्षात घालून नेली. नर्सने ब्लडप्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि पळत डॉक्टरीणबाईंना आणलं. वॉर्डात खाट मिळाली. पोराला प्रेशर असतं हे मला माहीत नव्हतं.

"जेवणात मीठ दिलंत?"

मी म्हटलं, "बायकोची शपथ, चिमूटभर नाय."

मी खोटं बोललो नव्हतो. आमच्यात मीठ म्हणजे डब्यातलं मीठ. मासळीतल्या मिठाला कुणी मीठ म्हणत नाही, मासळीच म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, "मग औषध लागू पडत नाही असं धरावं लागेल. बायॉप्सी करावी लागेल." म्हणजे पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा कण काढायचा आणि तपासायचा. त्यासाठी कोल्हापूर. सून भिंतीला टेकली. मी बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसलो. ह्याच इस्पितळात हिला आणली होती, परत नेली ती झाकून. त्या बाकड्याची कुठली पट्टी उखडलीय ते मला पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी प्रेशर थोडं उतरलं. अकराला फोन वाजला. बाई. मी म्हटलं, आज नको. प्रांजल म्हणाली, "द्या इकडे." बाईंनी मुलांना रोज पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या, दिवसभरात काय झालं ते. प्रांजलची पाळी होती. तिने उशाखालची वही काढली आणि वाचलं.

"सोमवारी आजोबांनी मला आजीचे सोडे भाजून दिले. मंगळवारी पण दिले. आजी गेली तरी तिचं जेवण संपलं नाही."

मग बाईंचा आवाज आला, "छान लिहिलंयस. आजोबांना फोन दे. मुलांनो, पान उघडा." आणि त्या वर्गाबाहेर आल्या असाव्यात, कारण मागचा गलका बंद झाला.

"आजोबा, मी गुहागरची. आमच्याकडे सोड्यांना सुकवण्याआधी मीठ चोळतात. तुमच्याकडे?"

मला हिचे हात दिसले. सुपावर कोळंबी, कोपरापर्यंत मिठाने पांढरे झालेले हात. चाळीस वर्षं बघितलेले.

मी म्हटलं, "चोळतात."

"मग डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांगा."

सांगितलं. सुनेच्या देखत सांगितलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "सूज आणि प्रेशर मिठाने वाढलं. पट्टी हिरवी राहते ती मिठाने नाही, तो आजार. पण मी औषधाला आणखी आठ दिवस देईन. मग बायॉप्सीचं बघू."

सून सासूला आत्या म्हणते. ती इतकंच म्हणाली, "मामा, आत्या असत्या तर त्यांनी तुमच्या हातात बरणी दिली नसती." खरं होतं. चूक लपवायची नाही, हे मी तुम्हाला सांगतो. डॉक्टरने विचारलं मीठ दिलंत का, तर मीठ एवढंच सांगू नका. पोराने काय काय खाल्लं, सगळं सांगा. लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी. तुमच्या घरात ज्याला मीठ म्हणत नाहीत, तेच आधी सांगा.

आठ दिवस मी पट्टीकडे बघायला घाबरत होतो. दोन अधिक. दोन. एक. सातव्या सकाळी प्रांजल न्हाणीतून पट्टी धरून आली आणि म्हणाली, "आजोबा, हळदीसारखी." मी उजेडात नेऊन बघितली. पिवळी. सुनेला दाखवली. तिने पदर तोंडाला लावला.

कोल्हापूर टळलं. डॉक्टरीणबाईंनी लगेच सांगून ठेवलं, "हा परत येतो. सर्दी झाली की येतो. पट्टी सोडायची नाही." म्हणजे बरं झालं असं मी लिहीत नाही. सध्या नाही, एवढंच लिहितो.

शाळा तीन महिने फोनवरच झाली. घटक चाचणी तिने खाटेवर लिहिली. बाईंनी प्रश्न वाचले, मी पोरीकडे पाठ करून बसलो, मदत केली असं कुणी म्हणू नये म्हणून. नंतर एका सोमवारी मी तिला शाळेत सोडलं. तोंड अजून फुगलेलं. एक पोर म्हणालं, "गो बाय, जाड झालीस!" तिने सांगितलं, "औषध आहे ते. तू बिनऔषधाचाच जाड." तिसऱ्या बाकावरचा फोन बाईंनी उचलून पर्समध्ये टाकला. ती बसली.

बाईंना मी काय देणार. हात जोडले. त्या म्हणाल्या, "आजोबा, तिनेच लिहिलं म्हणून कळलं."

घरी आलो. अकरा वाजले तसा खिडकीत जाऊन बसलो. फोन नव्हताच, सून घेऊन गेली होती बाजारात.

मग बरणी काढली. तळाला ओंजळभर सोडे होते. पोराला देता येत नाहीत, टाकवत नाहीत. कांद्यावर परतले, भाकरी घेतली. वरून काही घातलं नाही. तीन महिन्यांनी जिभेला मीठ लागलं. ते हिने चोळलेलं होतं, आणि आता घरात ते उरलेलं नाही.

बरणी धुऊन उन्हात पालथी घातली. संध्याकाळी पोर घरी आलं. वहीतल्या पाच ओळी मला वाचायला दिल्या. मी चष्मा लावला.