धोट्याच्या लाकडाचा संसार

लोखंडाचं काम करणाऱ्या माणसानं लाकडाला हात लावला की कारखान्यात त्याची टिंगल ठरलेली. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास मी सुरतेला, उधन्याच्या एका वर्कशॉपात लेथवर होतो. तिथं पॉवरलूमचे सुटे भाग बनायचे. मागच्या भिंतीला एक जुना, छोटा लेथ पडून होता. त्याला लोखंड झेपत नव्हतं, म्हणून शेठनं तो तसाच ठेवलेला. जेवणाच्या सुट्टीत चार घास गिळून मी त्या लेथपाशी जायचो आणि भातुकलीची भांडी कातत बसायचो. बरोबरचे ओरडायचे, "मिस्त्री, वरण शिजलं की हाक मारा!" शेठ जाता-येता डोकवायचा. "शुं, पाछां रमकडां?" काय, पुन्हा खेळणी? आणि हसत निघून जायचा. माझं डोकं सणकायचं, पण लेथ त्याचा होता.

लाकूड फुकटचं होतं. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी धोटा तुटला की कारखानेवाले फेकून देत. धोट्याचं लाकूड घट्ट असतं, बोटाएवढं मुसळ कातलं तरी त्याचा टवका उडत नाही. मात्र पटाशी अगदी हलकी टेकवावी लागते. लोखंडाची सवय झालेला माझा हात जड पडायचा, आणि सुरुवातीच्या कितीतरी वाट्या लेथवरच फुटल्या. मग हळूहळू हात बसला. चिंचोक्याएवढी वाटी, पोळपाट-लाटणं, उखळ, ताकाची रवी, पाण्याचा हंडा. शेवटी खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की त्या लाकडाला अशी झळाळी यायची की मी ते भांडं खिशात टाकून दिवसभर चाचपत राहायचो. तो आनंद खोटा नव्हता, एवढं आजही सांगतो.

हे सगळं माझ्या लेकीसाठी चाललं होतं. ती आणि तिची आई खानदेशात, गावी, माझ्या आईजवळ. मी सुरतेच्या गोडादऱ्यात, गावाकडच्याच माणसांबरोबर एका खोलीत. सुरतेत बिऱ्हाड करायचं ते नीट खोली मिळाल्यावरच, असं मी लग्न झाल्या झाल्या जाहीर करून टाकलं होतं. नीट म्हणजे स्वतःचा नळ आणि स्वतःची मोरी. एका खोलीला नळ असायचा तर मोरी बाहेर, दुसरीला मोरी असायची तर पाणीच नाही. मी प्रत्येक खोलीला नाक मुरडलं. दर अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, मी गावी जायचो आणि "पुढच्या आखाजीच्या आत घेऊन जातो" असं सांगून परत यायचो. बायको आधी आधी बारीकसारीक चौकशी करायची, खोलीला खिडकी आहे का, शेजार कसा आहे. नंतर नुसती मान हलवायची.

लेक मला ओळखायची. पण पहिले दोन दिवस लांबूनच बघायची. "देख, आबा वनात," बघ, आबा आले, असं म्हणत बायको तिला पुढं ढकलायची आणि ती आजीच्या पदरात घुसायची. तिची भीड चेपेपर्यंत माझी परतीची गाडी आलेली असायची. मला फार काही नको होतं. मी दारात उभा राहिलो की तिनं धावत यावं, एवढंच. गल्लीतल्या मुली शेतातून आलेल्या बापाकडे धावायच्या ते मी बघत होतो. त्यांच्या बापांकडे लेथ नव्हता, माझ्याकडे होता, आणि त्याच्या जोरावर आपण ही कसर भरून काढू असं मला खरंच वाटत होतं.

थोडीफार भरलीही. मी खिशात हात घातला की ती येऊन मांडी घालून समोर बसायची. नवं भांडं दोन बोटांत धरून उजेडाकडे करायची आणि आतून-बाहेरून तपासायची. पुढच्या खेपेला काय आणायचं तेही सांगायची, पण ते आईच्या कानात.

एका वर्षी मी माणसं कातली. करंगळीएवढी चार माणसं. आजी, आई, मुलगी आणि बाप. बाप ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर टोपी काढली, त्या टोपीपायी दोन बाप वाया गेले. आखाजीच्या आदल्या दिवशी मी तो सगळा गोतावळा तिच्यापुढे ठेवला, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊन मी ओसरीवर आडवा झालो होतो. समोर तिचा संसार मांडलेला. आई चुलीपाशी, आजी उखळापाशी, मुलगी झोक्यावर. बाप काही दिसेना. इकडेतिकडे पाहिलं तर तो वर भिंतीतल्या कोनाड्यात, दिव्याच्या शेजारी एकटा उभा.

"बाप कोठे शे?" मी मुद्दामच विचारलं.

"तो सुरतले शे," ती म्हणाली. मान वर न करता.

"पण आज आखाजी शे ना?"

हे तिला पटलं. ती डब्यावर चढली, त्याला खाली उतरवलं, पाटावर बसवलं. चिंचोक्याएवढ्या वाटीतून त्याला आमरस वाढला. लाकडी आईनं वाढला, आजीनं आग्रह केला. मग तिनं त्याला उचललं आणि पुन्हा कोनाड्यात नेऊन ठेवलं.

"आते काय झाये?" मी विचारलं.

"त्यानी गाडी शे."

मी पोट धरून हसलो. आत चुलीपाशी बसलेली बायको हसली नाही. सुरतेला परतल्यावर मी वर्कशॉपात सगळ्यांना हा किस्सा रंगवून सांगितला, पोरगी काय हुशार आहे म्हणून. तेव्हा मला तिचं कौतुकच वाटलं होतं. आज तो किस्सा माझ्याच्यानं कुणाला सांगवत नाही.

शेवटी खोली घेतली ती त्याच गोडादऱ्यात. नळ सगळ्या चाळीत एक. मोरी म्हणजे कोपऱ्यात ओढलेला पडदा. तशी खोली मला पहिल्या एक-दोन वर्षांतच मिळत होती, आणि तेव्हा लेक पाळण्यात होती. ही गोष्ट आठवली की अजून जीव चरफडतो. ज्या नळासाठी मी इतकी वर्षं अडून बसलो, त्याच्यावाचून बायकोचं काहीही अडलं नाही. आल्याच्या दिवशी तिनं कळशी उचलली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

मी दोघींना उधना स्टेशनवरून आणलं. संध्याकाळी लेकीनं पत्र्याचा डबा उघडून कोपऱ्यात संसार मांडला. हंडा, उखळ, पोळपाट, एकूण एक भांडं जपून आणलेलं. आई होती, आजी होती, मुलगी होती. मी डबा उपडा करून पाहिला.

"बाप कोठे शे वं?"

"तो गावलेच ऱ्हायना. कोनाडामा." गावीच राहिला म्हणे, कोनाड्यात.

"काबर?"

बापाला एवढंही कळू नये, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. "तो ते सुरतलेच शे ना!"

बायको पडद्याआड भांडी घासत होती, ती थांबली. मी म्हटलं, असू दे, उद्या दुसरा करू. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी जेवलोच नाही. जुन्या लेथवर नवा बाप कातला, टोपीसकट, पहिल्यापेक्षा चांगला. घरी येऊन तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो उजेडाकडे धरून नीट पाहिला. मग उठली आणि खोलीच्या चारी भिंतींवरून नजर फिरवली.

"आबा, आठे कोनाडा नही का?"

आमच्या खोलीला कोनाडा नव्हता. आईच्या कानात न सांगता तिनं थेट माझ्याकडे मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती. नाही म्हणवेना. मी हातोडी घेतली आणि दाराशेजारी, तिचा हात पोचेल इतक्या उंचीवर, त्याच्यासाठी एक छोटी फळी ठोकून दिली.