उजाड माळावरची माजी विद्यार्थिनी

आमच्या विद्यापीठाचा इतिहास गुळगुळीत कागदावर छापलेला आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘येथे पूर्वी उजाड माळ होता. कुसळांशिवाय काही उगवत नव्हते.’ बारामतीहून इंदापूरकडे निघालं की दोन्ही बाजूंचा ऊस संपता संपत नाही, आणि ह्यांना नेमका उजाड माळ सापडला.

त्या माळावर मी शिकले आहे. दोन खोल्यांची शाळा होती, पहिली ते चौथी. पाचवीला पाच किलोमीटर जावं लागायचं. घरात सायकल एकच, ती भावाला मिळाली, आणि माझं शिक्षण आटोपलं. नंतर शाळा गावात नेली. एक खोली पडली, एक राहिली, आणि तिच्या भोवती विद्यापीठ उभं राहिलं. मी पुन्हा त्याच आवारात आले, झाडू घेऊन.

विद्यापीठ कसं चालतं हे झाडणाऱ्या बाईला नीट कळतं. ग्रंथालयात सगळ्यात जास्त गर्दी मोबाईल चार्जिंगच्या पिनेपाशी असते. संशोधन केंद्राच्या पायऱ्यांवर शेंगांची टरफलं सापडतात, आतून अजून काही बाहेर आलेलं मी पाहिलं नाही. एका वर्गात फळ्यावर जूनमधली तारीख दिवाळीपर्यंत तशीच होती. मी पुसली नाही. म्हटलं, कुणाला तरी लागत असेल.

राहिलेली ती खोली आम्हा सहा बायकांची होती. तिथं आम्ही डबा खायचो, साडी बदलायचो. आमच्यातली थोरली, तिला सगळ्या आक्का म्हणतो, तिचे गुडघे दुखले की ती घटकाभर आडवी व्हायची. आवारात प्राध्यापकांना खोली आहे, पहारेकऱ्याला आहे, जनरेटरलासुद्धा स्वतःची खोली आहे. आम्हाला ही एवढीच.

मग तपासणीची कमिटी येणार असं ठरलं. भाड्यानं कुंड्या आल्या. दगडांना चुना लागला. जी झाडं वर्षभर पाण्यावाचून वाळली, त्यांच्या जागी नवी लावून प्रत्येकाला शास्त्रीय नावाची पाटी बांधली. आणि हुकूम निघाला की ती पडकी खोली जेसीबीनं काढायची, तिथं फोटो काढायला रंगीत अक्षरं उभी करायची.

आक्का मला ओढत कुलसचिव साहेबांकडे घेऊन गेली. मी तिच्या पाठीमागं.

“साहेब, खोली पाडली तर आमी कुठं बसायचं?”

“अहो, आपलं एवढं मोठं आवार आहे. कुठंही बसा. आपण सगळे एक कुटुंब आहोत.”

“कुटुंब हाय म्हनूनच इचारतीय. घरातल्या बायका उकिरड्यावर बसून जेवत न्हाईत.”

साहेब हसले. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या चष्म्याकडे.

त्यांची अडचण वेगळीच होती. कमिटीला माजी विद्यार्थ्यांना भेटायचं होतं. जे खरे शिकून गेले ते चाकणला कंपनीत पाळीवर होते, त्यांना रजा मिळेना. बारा जण हवे होते, आठच जमले होते. तेव्हा उरलेल्या खुर्च्यांवर आमच्यासारख्या कामाच्या माणसांना बसवायचं ठरत होतं.

“तुम्ही चांगली साडी नेसून या,” साहेब म्हणाले. “मागच्या रांगेत बसायचं. काही विचारलं तर नुसतं हसायचं. खोलीचं मी बघतो. खोली राहील, माझा शब्द.”

मला घरात पाहुणे आले तरी बोलायला होत नाही. पण नुसतं हसायचंच होतं. मी हो म्हणाले.

त्या दिवशी माझ्या एका बाजूला माळीदादा आणि दुसऱ्या बाजूला कँटीनवाल्याचा मेव्हणा, दोघेही माजी विद्यार्थी. कमिटीतल्या एक बाई चष्मा पुसत सगळ्यांकडे बघत होत्या. पुढच्या रांगेवरून त्यांची नजर सरकत आली आणि माझ्यावर थांबली. मी हसले. हसणारं माणूस दिसलं की त्याला बोलावंसं वाटतं, हे साहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं.

“ताई, तुम्ही इथं किती वर्षं शिकलात?”

खोटं सुचायलासुद्धा धीर लागतो. “चार,” मी म्हणाले.

“चार वर्षांची पदवी, मॅडम,” साहेब लगबगीनं म्हणाले.

“विषय कोणते होते?”

“सगळेच.”

“बहुविद्याशाखीय,” साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता.

“वा! आणि प्रकल्प काय केला होता?”

“मातीची बैलजोडी,” मी म्हणाले. “एका बैलाचं शिंग मोडलं होतं, पण गुरुजींनी चालवून घेतलं.”

माळीदादाला ठसका लागला. साहेबांना ह्या बैलांना कोणत्या शाखेत बांधावं ते सुचेना. बाई पुढं झुकल्या. “तुमचा विभाग कुठला?”

“विभाग न्हवता बाई. ती कोपऱ्यातली खोली.”

बाई उठल्याच. म्हणाल्या, दाखवा. मी पुढं, त्या मागं, त्यांच्यामागं सगळी कमिटी आणि घामेजलेले साहेब. खोलीत आमचे डबे होते, दोरीवर साड्या होत्या. भिंतीवर चुन्याखालून पाढे अजून पुसट दिसत होते. बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. डब्यांकडे त्यांनी बघितलं नाही, पाढ्यांकडे बघितलं.

कमिटीनं जाताना लिहून दिलं की ही वास्तू जतन करावी.

जतन झाली. आमच्या साड्या काढल्या, डबे उचलले, रंग दिला, दाराला लोखंडी जाळी आणि कुलूप आलं. बाहेर पाटी लागली, ‘ऐतिहासिक शैक्षणिक वारसा. प्रवेश बंद.’ इतिहासाचं पुस्तक पुन्हा छापलं. उजाड माळ गेला, आता त्या जागी ‘ज्ञानदानाची जुनी परंपरा’ आहे. विद्यापीठाचं वय एका रात्रीत वाढलं, आणि ह्या वयवाढीचं कुणाला वाईट वाटलं नाही.

आक्का म्हणाली, “जलमात एकदा तोंड उघडलंस बया, अन् आमाला उनात बसीवलंस.”

तिचं बरोबर होतं. मीच साहेबांकडे गेले, ह्या वेळी एकटी. “साहेब, तुम्ही शब्द दिला होता.”

“मग? राहिली की खोली!” साहेब म्हणाले. “वारशात बसून भाकरी खाता येते का? तुम्ही अर्ज करा, बघू.”

अर्ज मी माझ्या हातानं लिहिला, सहा जणींच्या सह्या घेतल्या. त्यावर आवक नंबर पडला. पुढं काय झालं ते अर्जालाच ठाऊक.

आता आम्ही एक वाजता मुख्य इमारतीच्या दारातल्या पायऱ्यांवर जेवायला बसतो. वर साहेबांच्या खोलीची खिडकी आहे. पहिल्या दिवशी मान वर करायची मला लाज वाटली. काल आक्कानं सुकट आणली होती, परतलेली, भरपूर लसूण घातलेली. शिपाई खाली येऊन म्हणाला, “साहेब म्हणतात, वास वर येतोय.”

“व्हय, येनारच,” मी म्हणाले. “त्यांना म्हनावं, अर्जावर सही हुईपातुर रोज येईल.”